जन्म डेलावेअरचा, संसार जर्सीचा

मला, लोकांचे कर बघणाऱ्या बाईला, आलेलं पत्र असं आहे:

‘ताई, मी न्यू जर्सीत एडिसनला राहते. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, माझ्याकडे एच-४चं, म्हणजे त्याच्या बायकोच्या व्हिसाचं, ईएडी (कामाचा परवाना) आहे. तीन वर्षांपूर्वी येवल्याहून चार पैठण्या आणून मैत्रिणींना विकल्या, तिथून सुरुवात झाली. गेल्या वर्षी ८६,००० डॉलरची विक्री झाली, खर्च वजा जाता ३१,००० उरले. साड्या, शिवलेले ब्लाउज, नथ, ठुशी, पैठणीचे बटवे असं विकते. घरून, स्वतःच्या वेबसाइटवरून आणि मंडळाच्या कार्यक्रमांत स्टॉल लावून. न्यू यॉर्कलाही वर्षातून दोन प्रदर्शनं करते. आता रीतसर कॉर्पोरेशन काढायची आहे. नवऱ्याचा मित्र म्हणतो डेलावेअरला काढ, तिथे टॅक्सच नाही. ह्यूस्टनच्या जाऊबाई म्हणतात टेक्सासला काढ. नाशिकला माझा धाकटा भाऊ आहे. माल तोच बघतो, विणकरांना उचलही तोच देतो. त्याला वीस टक्के शेअर हवेत आणि मलाही ते रास्त वाटतं. एका वेबसाइटवर डेलावेअरचा फॉर्म अर्धा भरून ठेवलाय. सबमिट दाबू का?’

दाबू नका.

तुमचा बेत चुकीचा आहे असं नाही. ८६,००० डॉलरचा धंदा नवऱ्याच्या बँकखात्यातून आणि मैत्रिणींच्या झेलवर (फोनवरून पैसे पाठवायची बँकेची सोय) चालवणं आता खरंच बरं दिसत नाही. पण तुम्ही दोन वेगवेगळे प्रश्न एकात गुंतवलेत. कंपनी कुठे जन्माला घालायची हा एक, आणि कर कोणाला द्यायचा हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बदललं म्हणून दुसऱ्याचं बदलत नाही. तुमच्या साड्या एडिसनच्या तळघरात घडी घालून ठेवलेल्या आहेत, पार्सलं तिथे बांधली जातात, हिशेबाची वही तिथे आहे. मग कंपनीचा जन्मदाखला डेलावेअरचा असो की टेक्सासचा, न्यू जर्सीच्या लेखी धंदा न्यू जर्सीचा.

नवऱ्याचा मित्र खोटं बोलत नाहीये, अर्धवट ऐकून बोलतोय. डेलावेअरमध्ये विक्रीकर नाही हे खरं. तिथे नोंदवलेल्या, पण तिथे काहीच कामकाज न करणाऱ्या कंपनीला तिथला ८.७ टक्के कॉर्पोरेट इन्कम टॅक्स लागत नाही हेही खरं. मोठ्या कंपन्या तिथे जातात त्याचं मोठं कारण म्हणजे तिथलं चॅन्सरी कोर्ट. १७९२ पासून ते चालू आहे, कंपन्यांचे तंटे तिथे ज्युरीशिवाय, त्यातले मुरलेले न्यायाधीश सोडवतात. उद्या तुम्ही कॅलिफोर्नियाच्या गुंतवणूकदारांकडून वीस लाख डॉलर उचलणार असाल तर ते स्वतःच म्हणतील, डेलावेअरला या. पैठणीच्या स्टॉलला चॅन्सरी कोर्टाचा काय उपयोग?

आणि फुकट तर तिथे काहीच नाही. डेलावेअरच्या कॉर्पोरेशनला दरवर्षी १ मार्चपर्यंत फ्रँचाइझ टॅक्स भरावा लागतो. नफा झाला की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही, तिथे नोंदलेलं असण्याबद्दलचा तो कर आहे. कमीत कमी १७५ डॉलर आणि वार्षिक अहवालाचे ५०. शिवाय डेलावेअरमध्ये पत्ता असलेला, सरकारी कागद आपल्या वतीने स्वीकारणारा एक रजिस्टर्ड एजंट ठेवावा लागतो, त्याचे पैसे वेगळे. कॉर्पोरेशनऐवजी एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची साधी कंपनी, काढलीत तर अहवाल नाही, पण १ जूनपर्यंत सरसकट ३०० डॉलर.

हे सगळं भरून झालं की तुमची डेलावेअरची कंपनी न्यू जर्सीला ‘परकी’ कंपनी म्हणून नोंदवायची, त्याचे १२५ डॉलर. बरं, न्यू जर्सीत मुळातच कंपनी काढायलाही १२५च लागतात. वर दरवर्षी न्यू जर्सीच्या अहवालाचे ७५, ते दोन्हीकडे सारखेच. म्हणजे डेलावेअरला जाऊन वाचलं काही नाही, एक सरकार मात्र जास्तीचं मागे लागलं.

शेअरचा एक किस्सा सांगते. काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत एक तरुण मुलगा माझ्याकडे आला. डोळे तारवटलेले. इंटरनेटवर वाचून त्याने डेलावेअरची कॉर्पोरेशन काढली होती आणि फॉर्मवर ‘किती शेअर अधिकृत करायचे’ या रकान्यात एक कोटी लिहिले होते. स्टार्टअपवाले लिहितात म्हणून. त्याच्या हातात राज्याची नोटीस होती, ८५,१६५ डॉलरची. कंपनीच्या खात्यात चार हजारही नव्हते. नोटीस खोटी नव्हती. डेलावेअर आपणहून शेअरच्या संख्येवर हिशेब लावतं. पाच हजार शेअरपर्यंत १७५, दहा हजारांपर्यंत २५०, आणि पुढच्या दर दहा हजारांना ८५. करा गुणाकार. दुसरी एक रीत आहे, कंपनीची एकूण मालमत्ता आणि प्रत्यक्ष वाटलेले शेअर धरून करायची. त्या रीतीने तो आकडा ४०० डॉलरवर आला, तो त्या रीतीतला किमान कर आहे. मुलगा माझ्यासमोर खुर्चीत बसूनच राहिला, मग चहा मागितला. तुमच्या अर्ध्या भरलेल्या फॉर्मवर तो रकाना काय म्हणतो, ते आज जाऊन बघा. बऱ्याच वेबसाइटवर तिथे मोठा आकडा आधीच भरलेला असतो.

माझीही लाज सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला वाटायला नको की मी नुसती शहाणपणा शिकवतेय. मी स्वतः एकेकाळी डेलावेअरची एलएलसी काढली होती. सगळे काढत होते म्हणून. काम जमलं नाही, बँकखातं बंद केलं आणि विसरून गेले. कंपनी बंद करणं म्हणजे दुकानाचं शटर ओढणं असा माझा समज. राज्याकडे रीतसर रद्द केल्याचा कागद जाईपर्यंत ३०० डॉलर चढतच राहतात, वर दरवर्षी २०० दंड आणि महिना दीड टक्का व्याज. तीन वर्षांनी कळलं. न चाललेल्या धंद्यासाठी दीड हजाराहून जास्त भरले, आणि ते कागद भरत होती दुसऱ्यांचे कर भरून देण्याचा व्यवसाय करणारी बाई.

जाऊबाईंबद्दल दोनच ओळी. टेक्सासात व्यक्तीच्या उत्पन्नावर राज्याचा कर नाही, आणि तिथला फ्रँचाइझ टॅक्सही पंचवीस-सव्वीस लाख डॉलरच्या आत विक्री असणाऱ्यांना भरावा लागत नाही. पण हे सुख ह्यूस्टनला राहून धंदा करणाऱ्याला. तुम्ही एडिसनला राहून त्याचा लाभ घ्यायचा तर घर हलवावं लागेल.

आता न्यू जर्सी. इथे तुमच्यापुढे तीन वाटा आहेत.

कॉर्पोरेशन काढलीत आणि तशीच ठेवलीत तर ती सी-कॉर्प. ती स्वतः वेगळी करदाती. नफ्यावर केंद्राचा २१ टक्के. न्यू जर्सीचा कॉर्पोरेशन बिझनेस टॅक्स ५०,००० पर्यंतच्या नफ्याला ६.५ टक्के, एक लाखापर्यंत ७.५ आणि त्यावर ९. नफा झाला नाही तरी किमान कर चुकत नाही. न्यू जर्सीतली विक्री एक लाखाच्या आत असेल तर ५०० डॉलर, अडीच लाखाच्या आत ७५०, असा तो चढत जातो. हे सगळं झाल्यावर उरलेला पैसा लाभांश म्हणून घरी आणलात की त्यावर तुमच्या वैयक्तिक विवरणपत्रात पुन्हा कर. तुमच्या ३१,००० पैकी राज्याला सुमारे २,००० आणि केंद्राला सुमारे ६,००० कंपनीच्या दारातच जातील, घरी आणण्याआधी.

दुसरी वाट एस-कॉर्पची. कॉर्पोरेशन तीच, पण आयआरएसला (केंद्राच्या कर खात्याला) फॉर्म २५५३ देऊन सांगायचं की नफा कंपनीवर नको, थेट भागधारकाच्या विवरणपत्रात धरा. करवर्ष सुरू झाल्यापासून दोन महिने पंधरा दिवसांत तो द्यावा लागतो, जानेवारीपासून हवं असेल तर १५ मार्चच्या आत. न्यू जर्सीला पूर्वी वेगळा अर्ज लागायचा, डिसेंबर २०२२च्या अखेरीनंतर सुरू झालेल्या करवर्षांपासून केंद्राची निवड राज्यही आपोआप मानतं. किमान कर इथेही आहे, तुमच्या विक्रीला ३७५.

एस-कॉर्पचं आकर्षण असं: आज तुम्ही एकट्या धंदा करता, तेव्हा नफ्यावर इन्कम टॅक्सखेरीज स्वयंरोजगाराचा कर लागतो, १५.३ टक्के. ३१,०००वर तो साधारण ४,३८० डॉलर होतो. एस-कॉर्पमध्ये स्वतःला वाजवी पगार घ्यायचा, समजा २०,०००, आणि १५.३ टक्के फक्त त्या पगारावर, म्हणजे ३,०६०. वरच्या नफ्यावर तो कर नाही. वाचले १,३२०. व्हॉट्सअॅपवर इथपर्यंतच सांगतात.

पुढचं मी सांगते. पगार द्यायचा म्हणजे दर तिमाहीला केंद्र आणि राज्याची पगाराची विवरणपत्रं, बेकारी आणि अपंगत्व विम्याची वर्गणी, आणि ते करून देणाऱ्या सेवेचे पैसे. कॉर्पोरेशनचं वेगळं विवरणपत्र, त्याचे माझ्यासारखीला द्यायचे पैसे. राज्याचे ३७५. आणि लोकांना हमखास माहीत नसलेली गोष्ट: न्यू जर्सीत कॉर्पोरेशनमध्ये एकच माणूस मोबदला घेऊन काम करत असेल, आणि तो माणूस स्वतः मालकच असला, तरी कामगार नुकसानभरपाई विमा घ्यावा लागतो. एलएलसीत फक्त सभासदच, म्हणजे मालकच, काम करत असतील तर ती सक्ती नाही. १,३२० डॉलर या सगळ्यात कुठे विरून जातात ते कळतही नाही. माझा स्वतःचा अंदाज, नियम नव्हे: नफा पन्नास-साठ हजारांच्या पुढे स्थिरावला की एस-कॉर्पचा विचार करावा. तोवर नाही. आणि तो ४,३८०चा कर वाया जात नाही. त्यातून सोशल सिक्युरिटीची क्रेडिट्स जमतात, वर्षाला जास्तीत जास्त चार. पुढे पेन्शनसाठी चाळीस लागतात. एच-४वर इतकी वर्षं नुसतं बसून काढलेल्या बायकांना विचारा त्या चाळिसांची किंमत.

तिसरी वाट, आणि आज तुमच्यासाठी मला पटणारी: न्यू जर्सीचीच, एका सभासदाची एलएलसी. काढायला १२५, दरवर्षी ७५. कराच्या दृष्टीने ती नसल्यासारखीच. नफा तुमच्या दोघांच्या नेहमीच्या विवरणपत्रात शेड्यूल सी या स्वतःच्या धंद्याच्या पानावर, आणि राज्याच्या एनजे-१०४० या वैयक्तिक विवरणपत्रावर. राज्याचा वेगळा किमान कर नाही. पुढे धंदा वाढला तर हीच एलएलसी एस-कॉर्प म्हणून कर भरायची निवड करू शकते, नवी कंपनी काढावी लागत नाही. ‘कॉर्पोरेशन’ हा शब्द भारदस्त वाटतो हे मला मान्य आहे, पण व्हिजिटिंग कार्डावर एलएलसीही वाईट दिसत नाही.

संरक्षण दोन्हींत मिळतं. स्टॉलचा खांब कोणाच्या डोक्यात पडला तर भरपाईचा दावा शक्यतो कंपनीपाशी थांबावा, तुमच्या घरापर्यंत येऊ नये, यासाठी हे कवच. पण तुम्ही कंपनीच्या खात्यातून मुलाच्या कुमॉन शिकवणीची फी भरलीत आणि नथींचे पैसे नवऱ्याच्या झेलवर घेतलेत, तर समोरचा वकील कोर्टात म्हणणार की ही कंपनी फक्त कागदावर आहे. वेगळं बँकखातं, वेगळं कार्ड, पहिल्या दिवसापासून. आणि स्टॉलचा विमाही घ्या, एलएलसी आहे म्हणून तो टाळू नका.

भावाचा प्रश्न यातच अडकलाय, म्हणून तो शेवटपर्यंत न ठेवता इथेच घेते.

एस-कॉर्पचे भागधारक अमेरिकेचे नागरिक किंवा कराच्या दृष्टीने इथले रहिवासी असावे लागतात. तुम्ही एच-४वर असूनही इतके दिवस इथे राहिल्यामुळे त्यात बसता. नाशिकचा भाऊ बसत नाही. त्याच्या नावावर एक शेअर केलात तरी एस-कॉर्पचा दर्जा त्या दिवशी संपतो. एलएलसीत त्याला सभासद केलंत तर ती भागीदारी होते. वेगळं विवरणपत्र, त्याच्या वाट्याच्या नफ्यावर तुम्ही इथे कर कापून भरायचा, आणि त्याने आयटिन हा करदात्याचा नंबर काढून अमेरिकेत विवरणपत्र भरायचं, नाशिकला बसून. सी-कॉर्पमध्ये त्याला शेअर देता येतात, पण लाभांशावर ३० टक्के कापावे लागतात. भारत-अमेरिका कर कराराचा लाभ त्याने फॉर्म देऊन मागितला तर २५. शिवाय परदेशी माणसाचा वाटा २५ टक्के किंवा त्याहून जास्त झाला तर त्याच्याशी झालेल्या व्यवहारांची माहिती देणारा फॉर्म ५४७२ लागतो, आणि तो विसरलात तर दंड २५,००० डॉलर. तुमच्या वर्षभराच्या नफ्याहून थोडाच कमी.

त्याच्या बाजूनेही सोपं नाही. भारतात राहणाऱ्या माणसाने परदेशातल्या, शेअर बाजारात नसलेल्या कंपनीचा वाटा घेतला की २०२२च्या नियमांप्रमाणे ती परदेशातली थेट गुंतवणूक ठरते. वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा त्याला अडचणीची नाही, पण बँकेमार्फत रिझर्व्ह बँकेला फॉर्म, एक क्रमांक, आणि मग दरवर्षी कंपनीचा कामगिरी अहवाल. नाशिकच्या शाखेत हे काम रोज करणारा माणूस सापडला तर त्याचा सत्कार करा.

आता मला सांगा, भाऊ नेमकं काय करतो? माल निवडतो, विणकरांना उचल देतो, पार्सल पाठवतो. हे भागीदाराचं काम नाही, पुरवठादाराचं आहे. मग त्याला पुरवठादारच करा. त्याने भारतात स्वतःच्या नावाने फर्म काढावी, आयात-निर्यात कोड घ्यावा, जीएसटीखाली निर्यातीसाठी लागणारं हमीपत्र भरावं, आणि तुम्हाला डॉलरमध्ये बिल लावावं. त्याचा नफा त्याच्या बिलात, कर तो भारतात भरेल. तुम्हाला ते बिल खर्च म्हणून वजा. त्याला वीस टक्क्यांहून जास्तही मिळू शकतं, आणि मुख्य म्हणजे तुमचा धंदा मंदावला तरी त्याचे पैसे अडकत नाहीत.

फक्त भाव खरा ठेवा. बहीण-भाऊ अमेरिकेच्या कस्टम्सच्या कायद्यात एकमेकांशी ‘संबंधित’ व्यक्ती धरल्या जातात. तो परक्या व्यापाऱ्याला जो भाव लावेल तोच तुम्हाला लावायचा, जकात वाचवायला बिल कमी करायचं नाही. तिकडच्या सीएलाही ट्रान्सफर प्रायसिंगचा, म्हणजे नात्यातल्या व्यवहारातल्या भावाचा, प्रश्न आधीच विचारायला सांगा. आणि हो, ८०० डॉलरच्या आतल्या पार्सलला जकात नाही हे जुनं गणित विसरा. ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद आहे. साडीची किंमत ठरवताना जकात धरलेली नसेल तर तुमचे ३१,००० या वर्षी ३१,००० राहणार नाहीत.

आता ज्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, आणि मला सगळ्यात जास्त काळजी ज्याची वाटतेय, ते: विक्रीकर.

न्यू जर्सीचा विक्रीकर ६.६२५ टक्के आहे. कपड्यांवर तो नाही. साडी नेसायचं वस्त्र आहे, त्यावर कर नाही, शिवलेल्या ब्लाउजवर नाही. पण दागिने आणि पर्स कपड्यांत मोडत नाहीत. म्हणजे तुमच्या टेबलावर डाव्या हाताला पैठणी करमुक्त आणि उजव्या हाताला नथ, ठुशी, पैठणीच्याच कापडाचा बटवा करपात्र. कापड तेच, काठ तोच, बटवा झाला की ६.६२५ टक्के. म्हणून बिलावर प्रत्येक वस्तू वेगळ्या ओळीत लिहा. ‘पैठणी आणि नथ, कॉम्बो ४५० डॉलर’ अशी पाटी मी गणपतीतल्या स्टॉलवर पाहिली आहे, तुमचीच होती की काय कोण जाणे. एकाच किमतीत दोन्ही विकलं तर सगळ्या ४५०वर कर मागितला जाऊ शकतो. साडी ४१०, नथ ४०, असं लिहायला जास्त शाई लागत नाही.

नोंदणी एनजे-रेग या फॉर्मने होते, कंपनी काढल्यापासून ६० दिवसांत. मग विक्रीकराचं विवरणपत्र दर तिमाहीला, पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत. श्रावणाआधीच्या मंद तिमाहीत एकही नथ विकली नाहीत तरी शून्याचं विवरणपत्र भरायचंच. न भरल्याचा दंड शून्यावरही लागतो. नोंदणीचा एक फायदाही आहे. ओक ट्री रोडवरच्या घाऊक दुकानातून नथी उचलताना एसटी-३ हे पुनर्विक्रीचं प्रमाणपत्र द्या, तिथे कर भरावा लागत नाही.

गेल्या तीन वर्षांत नथींवर कर घेतला नसेल आणि भरलाही नसेल तर घाबरून गप्प बसू नका. राज्याचा स्वेच्छेने कबुली देण्याचा कार्यक्रम आहे. आपण आधी गेलो तर बोलणं वेगळं होतं, नोटीस आधी आली तर वेगळं. आणि ते उत्पन्न तुमच्या विवरणपत्रात शेड्यूल सीवर दाखवलं होतं ना? ‘हो’ असेल तर उत्तम. ‘नाही’ असेल तर कंपनी काढण्याआधी ते दुरुस्त करायला या.

न्यू यॉर्कचा नियम आणखी मजेशीर. तिथे ११० डॉलरच्या आतल्या कपड्याला राज्याचा कर नाही, शहराचाही नाही. ११० किंवा वर गेलं की पूर्ण किमतीवर, न्यू यॉर्क शहरात ८.८७५ टक्के. तुमची साधी सुती साडी ९० डॉलरला करमुक्त, पैठणी ४००ला करपात्र. मात्र एका दिवसाच्या प्रदर्शनातही विकायचं तर त्यांचं सर्टिफिकेट ऑफ ऑथॉरिटी, म्हणजे विक्रीकर गोळा करायचा परवाना, आधी काढावं लागतं. फिलाडेल्फियाला गेलात तर आणखी एक पेच: पेनसिल्व्हेनियात कपडे करमुक्त, पण समारंभाचे औपचारिक कपडे करपात्र, लग्नाचा गाऊन किंवा टक्सिडो. पैठणी कशात मोडते हे तिथल्या महसूल खात्याला लिहून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. मला विचाराल तर आमची आजी पैठणी नेसून तुळशीला पाणी घालायची, पण हा युक्तिवाद महसूल खात्यापुढे चालेल असं नाही.

वेबसाइटवरून इतर राज्यांत पाठवता त्याचं काय? २०१८ साली सुप्रीम कोर्टाने साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर खटल्यात निकाल दिला, तेव्हापासून दुकान नसलं तरी एखाद्या राज्यात विक्री ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की तिथला कर गोळा करावा लागतो. बहुतेक ठिकाणी ती मर्यादा वर्षाला एक लाख डॉलर आहे. तुमची सगळी विक्रीच ८६,०००. तूर्त राज्यवार एक तक्ता तेवढा ठेवा.

नवऱ्याबद्दल एक बोलायला हवं. तुमच्या ईएडीवर स्वतःचा धंदा चालतो, मुदत चालू असेतोवर. कार्ड संपलं आणि नवं आलं नाही तर त्या दिवसापासून काम थांबवायचं, म्हणून ती तारीख आणि नूतनीकरणाचा अर्ज दोन्ही भिंतीवर लावा. नवरा एच-१बीवर आहे. तो पैसे गुंतवू शकतो, काम करू शकत नाही. स्टॉलवर उभं राहून कार्ड स्वाइप करणं हे काम आहे. गाडीतून खोके उतरवून देणं आणि दुपारी डबा आणणं यावर कोणी बोट ठेवलेलं मी पाहिलं नाही, तरी इमिग्रेशनच्या वकिलाला एक तासाचे पैसे देऊन विचारून घ्या. तिथे कंजूषपणा करू नका.

एलएलसी काढायला मधल्या वेबसाइटची गरज नाही. न्यू जर्सी राज्याच्या संकेतस्थळावर आधी नाव शिल्लक आहे का बघा, मग अर्ध्या तासाचं काम. ईआयएन हा कंपनीचा कर-नंबर आयआरएस फुकट देतं, त्याचे कोणी पैसे मागितले तर निघून या. नोंदणी झाली की महिन्याभरात सरकारी दिसणारी पत्रं येऊ लागतील, गरुडाचं चित्र, मोठा बारकोड. कोणी प्रमाणपत्राचे पैसे मागेल, कोणी कामगार कायद्याच्या भित्तिपत्रकाचे, कोणी मालकीची माहिती केंद्राला कळवण्याचे. ही शेवटची सक्ती इथे नोंदलेल्या कंपन्यांवरून मार्च २०२५ मध्ये उठवली. पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात ‘ही सरकारी संस्था नाही’ असं लिहिलेलं असतं. आधी तळ वाचायचा, मग पाकीट कुठे टाकायचं ते ठरवायचं.

भावाला मात्र हे तुम्हीच फोन करून सांगा. व्हॉट्सअॅपवर ‘शेअर नाही देता येत’ एवढंच वाचलं तर त्याला वाटेल बहीण फिरली. कागद-पेन्सिल घेऊन बसा, त्याचं मागच्या दिवाळीचं पार्सल समोर धरा, आणि पुरवठादार म्हणून त्याला त्यात किती सुटले असते ते साडीगणिक त्याच्याकडूनच मांडून घ्या. उन्हाळ्यात रात्री साडेनऊला फोन केलात तर तिकडे सकाळचे सात वाजलेले असतात, तो येवल्याला निघायच्या आधी सापडेल.